यंदाचा एक नंबर

मी दहावा नंबर जाहीर केला आणि आमची बैठकीची खोली एका जाजमाने लांबली. भिंत सरकल्याचा आवाज वगैरे झाला नाही. जिथे जाजम संपत होतं तिथे पुढे आणखी एक अंथरलेलं होतं, इतकंच. त्यावर त्या नंबरची गायिका, लोरेटा पिम, येऊन बसली.

"अहो, खोली वाढली," मी म्हटलं.

"बरं झालं. तुझ्या रेकॉर्डी ठेवायला जागा झाली," समोरच्या भिंतीपासून श्रीपाद म्हणाले.

डिसेंबरातल्या एका रविवारी, जेवणं आटोपली की मी वर्षभरातल्या सोल आणि हिपहॉपच्या अल्बमची क्रमवारी लावते. मी दाराजवळ बसून दहापासून खाली एकेक नंबर सांगते. आमचे हे समोर प्लेयरपाशी बसून त्या अल्बममधलं एक गाणं लावतात. मी कीर्तनं ऐकत वाढले. ज्याला ठेक्यात निरूपण करता येतं आणि बोलता बोलता अलगद पदात शिरता येतं, तो कुठल्याही देशाचा असो, माझ्या लेखी बुवाच. साताऱ्यातल्या आमच्या कीर्तन मंडळातल्या बायका विचारतात, वत्सलाताई, या वयात हिपहॉप? मी म्हणते, येऊन बसा तरी एकदा.

यंदा माझ्या हातून एक चूक झाली. सुरू करण्याआधी मी प्लेयरला हार घातला आणि झाकणाला बुक्का लावला. मायेनेच लावला. पण हार-बुक्का झाला म्हणजे ते कीर्तन झालं, आणि कीर्तनातून आरतीआधी उठायचं नसतं. आरती एक नंबर झाल्यावरच होणार होती.

"म्हणजे आता उठणं नाही," श्रीपाद म्हणाले. "माझ्या गुडघ्यांना विचारलंस का?"

"पेटीवर साथ करताना बसता तासन् तास, तेव्हा कुठे जातात गुडघे?"

"तेव्हा बुवा दक्षिणा देतात."

नऊ नंबर खडी मशीन, हा पोरगा चिपळूणचा. निरूपण दणकट, पण श्वास कुठे सोडावा हे अजून उमगलेलं नाही, म्हणून नऊ. आठ नंबर टेंपल बंधू. एकाने वाक्य उचलावं, दुसऱ्याने मागून झील धरावी, तसं गातात. प्रत्येक नंबराला श्रीपादांच्या अलीकडे एक जाजम वाढत गेलं आणि त्यावर ज्याचा तो येऊन बसला, मात्र रेकॉर्डच्या कव्हरवर दिसत असेल तेवढाच. लोरेटा पिम कमरेपासून वर होती. खडी मशीन पाठमोरा होता. धाकट्या टेंपलचा अर्धा चेहरा कव्हरच्या कडेला कापला गेला आहे. तो तसाच बसला.

सातव्यानंतर श्रीपादांची उत्तरं उशिरा यायला लागली. "आवाज जरा वाढवा," मी म्हटलं. गाणं संपलं, सहावा नंबर सांगून झाला, तेव्हा तिकडून आलं, "वाढवतो. पण मला गावाबाहेर काढतेस की काय?"

मी हसले. माझं हसू त्यांच्यापर्यंत कधी पोचलं कोण जाणे.

चौथा नंबर आंटी जूनिपर. सगळा अल्बम तान्ह्या बाळाला निजवण्याच्या आवाजात, आणि तरी ऐकताना पापपुण्याचा हिशेब आपल्यालाच विचारला जातोय असं वाटतं. तिच्या कव्हरवर नुसता हात आहे. हात येऊन बसला. तोवर श्रीपाद देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाएवढे झाले होते. तिसऱ्यानंतर ते बोटाच्या पेराएवढे झाले. दुसऱ्यानंतर बुक्क्याच्या ठिपक्याएवढे.

"वत्सू," त्यांचा आवाज आला, "मला तू दिसत नाहीस गं." हे त्यांनी कितव्या नंबराला म्हटलं होतं, मला सांगता यायचं नाही.

एक नंबर मी मनात कधीच ठरवला होता. पण तो उच्चारला की आणखी एक जाजम वाढणार आणि तो ठिपकाही जाणार. नाही उच्चारला तर आरती नाही, मग आम्ही दोघं दोन टोकांना असेच बसून राहणार. सगळे गायक माझ्याकडे बघत होते. खडी मशीन पाठमोरा असूनही बघत होता.

मी उठले.

लहानपणी अंगात ताप असतानाही मी आरतीआधी उठले नव्हते. मी जाजमाच्या कडेकडेने निघाले. लोरेटा पिमने नसलेले पाय आवरून मला वाट दिली. दुसऱ्या नंबरची बाई शुद्ध मराठीत म्हणाली, "अहो, आरती व्हायची आहे."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

श्रीपाद प्लेयरपाशीच होते, आपल्या नेहमीच्या मापाचे. "अहो, मी आले," मी म्हटलं. ते माझ्या अंगावरून दाराकडे बघत, कान देऊन बसले होते. तेवढ्यात माझ्या पाठीमागून, फार लांबून, माझाच आवाज आला. "चौथा नंबर, आंटी जूनिपर." त्यांनी रेकॉर्ड बदलली.

तेव्हा मला समजलं. मी माझ्या आवाजाच्या आधी पोचले होते. माझं बोलणं अजून वाटेत होतं.

मी शेजारी टेकले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा ऊबदार होता. माशी बसावी तसा त्यांनी तो जरा हलवला. तिसरा नंबर आला. दुसरा आला. प्रत्येक वेळी ते "वा!" म्हणाले, दाराच्या दिशेने. मला हायसं वाटलं, कारण दुसऱ्यानंतर मी एकही नंबर सांगितला नव्हता. आता वाटेत एकही नंबर उरला नव्हता. थोडं थांबलं की त्यांना मी दिसणार होते.

पण त्यांनी शेवटची रेकॉर्ड कव्हरातून अर्धी बाहेर काढली आणि कान दिला. दाराशी कुणीतरी घसा खाकरला, मी खाकरते तसा.

"एक नंबर," माझा आवाज म्हणाला. या वेळी तो उशिरा आला नाही.

श्रीपाद हसले. माझा हात त्यांच्या गुडघ्यावरच होता, आणि हाताच्या आणि गुडघ्याच्या मधून नव्या जाजमाची कड वर येऊ लागली होती.