सुरगाठ

पॅरिसबाहेरच्या त्या गावात नगरपालिकेच्या दर्शनी भिंतीवर झेनाबाच्या भावाचा, इद्रिसचा, दोन मजली फोटो टांगलेला होता. परदेशी हुकूमशहाच्या तुरुंगात सडणाऱ्या माणसाचा फोटो असा भिंतीवर लावायची तिकडे रीतच आहे. पत्रकार इद्रिसला त्याच्या देशाच्या जनरलने आत टाकलं होतं. फोटो आहे तोवर जनरल त्याला मारायला धजावणार नाही, एवढ्या एका आशेवर झेनाबा रोज त्या भिंतीखालून कामावर जायची.

एका सोमवारी भिंत कोरी दिसली. ती तडक नगराध्यक्ष रूसेल यांच्या खोलीत शिरली.

"धुवायला काढलाय हो," रूसेल म्हणाले. "कबुतरं काय कमी घाण करतात?"

"कबुतरं दोन वर्षं घाण करतायत, साहेब. धुणं आजच कसं निघालं? उद्या जनरल येतोय म्हणून?"

"येताहेत," रूसेलनी दुरुस्ती केली.

"गेल्या साली याच भिंतीखाली तुम्ही त्याला खाटीक म्हणालात."

"मॅडम, त्यांच्याकडे गॅस आहे आणि आपल्याकडे हिवाळा."

जनरल पॅरिसला आला. घोडेस्वारांनी मानवंदना दिली. मेजवानीत त्याने चीजला दाद दिली, यजमानांनी त्याच्या कणखर नेतृत्वाला. इद्रिसचं नाव कोणी काढलं नाही. त्या आठवड्यापासून तुरुंगातून निरोप येणंही थांबलं.

फोटो वाळायला पाच महिने लागले. मग जनरलने गॅस दुसऱ्याच गिऱ्हाइकाला विकला, आणि त्याच्या तुरुंगातल्या किंकाळ्या पॅरिसला एकाएकी ऐकू येऊ लागल्या. रूसेलनी झेनाबाला स्वतः फोन केला. "समारंभ ठेवलाय, मॅडम! त्या खाटकाला दाखवूनच देऊ!"

तिला फोनवरच थुंकावंसं वाटलं. पण इद्रिस जिवंत असेल, तर फोटो हवा होता. ती गेली.

नगराध्यक्षाचा तिरंगी पट्टा पोटावर ताणून रूसेल स्वातंत्र्यावर बोलत होते. झेनाबाचं लक्ष फोटोचा दोर बांधून शिडीवरून उतरणाऱ्या माणसाकडे होतं.

"दादा, पक्की निरगाठ मारलीत ना?"

तो कानाशी वाकला. "सुरगाठ, बाई. वरून हुकूम आहे. एका झटक्यात सुटली पाहिजे."

झेनाबाने चपला काढल्या, शिडी चढली आणि सगळ्यांच्या देखत निरगाठ मारली. तिच्यावर दुसरी. मग तिसरी, दातांनी ओढून.

हे कार्यक्रमातलंच असावं, असं रूसेलना वाटलं. पहिली टाळी त्यांनीच वाजवली.