शाळेपुढचे खड्डे

माझा धाकटा कैलास बंगल्याचा राखणदार, पण मालकाच्या स्पोर्ट्स कारमध्ये बसला की गावात कुणाला ओळख देत नाही. गाडीचे पोलादी ब्रेक काढून सिरॅमिकचे बसवल्यापासून तर विचारूच नका. काल मला मळवलीला घेऊन निघाला.

"आई, हे ब्रेक वजनाला हलके. चाकावरचा भार कमी झाला. पोटातलं पानी हालतंय का बघ."

खरंच हाललं नाही. शाळा सुटायची वेळ होती. पोरांसाठी गाड्या हळू व्हाव्यात म्हणून गावच्या शाळेपुढचे खड्डे मीच पंचायतीशी भांडून बुजवू दिले नव्हते.

"खड्डे कुटं गेले रं?"

"मगाशीच गेले. कळलेबी न्हाईत," तो हसला.

मी हात पुढे केला.

"गाडी थांबव, किल्ली दे. मालकाला मी सांगते. ज्याला खड्डा कळत न्हाई, त्याला चाकाखालचं पोरबी कळायचं न्हाई."