शहाळ्याचं पाणी

शेवंतीबाईंनी आयुष्यात कुणाला दारातून तहानलेलं परत पाठवलं नव्हतं. लालबागच्या चाळीत पोस्टमन आला तरी आधी पाणी, मग टपाल. आणि आता त्यांची सहा वर्षांची नात मनवा परळच्या एका इस्पितळात, अतिदक्षता विभागातल्या खाटेवर, पाणी पाणी करत होती आणि तिला पाणी द्यायचं नाही असा हुकूम होता.

हुकूम डॉक्टर मृणालिनींचा. लेप्टोच्या तापात पोरीची मूत्रपिंडं बंद पडली होती. "लघवी होतच नाहीये, आजी," त्यांनी समजावलं होतं. "आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ते अंगात साचतं, मग फुफ्फुसात." तासाला औषधाच्या टोपणाएवढं पाणी, बस. रुपाली सिस्टर पोटात गेलेला थेंब न् थेंब कागदावर लिहायची आणि रोज सकाळी मनवाचं वजन घ्यायची. वजन वाढलं म्हणजे पाणी साचलं. एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं जागी झाली नाहीत तर डायलिसिसचं मशीन लावायचं ठरलं होतं. शेवंतीबाईंना हे सगळं नीट समजलं होतं, त्या काही अडाणी नव्हत्या.

पण समजून काय उपयोग? रात्री मनवाची आई दर्शना बसायची, दिवसा शेवंतीबाई. सून काळजावर दगड ठेवून बसू शकत असेल, यांना ते जमेना. पोर सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवायची आणि म्हणायची, "आजी, थोडंसंच दे ना. मम्मीला नाही सांगणार." त्यांचे यजमान कुशाबा गिरणीतल्या अपघातानंतर असेच पाणी मागत गेले होते. ऑपरेशन आहे, पाणी देऊ नका, असं सांगितलं होतं. यांनी दिलं नाही. ऑपरेशन झालंच नाही आणि माणूस कोरड्या घशानं गेला. त्या गोष्टीसाठी बाईंनी स्वतःला कधी माफ केलं नव्हतं.

म्हणून त्यांनी शहाळं आणलं. कोकणातल्या माणसाला शहाळं म्हणजे काय ते सांगायला नको. ताप आला शहाळं, उलट्या झाल्या शहाळं, बाळंतीण अशक्त झाली तरी शहाळंच. गावी तीन पोरांना त्यांनी त्याच्यावर जगवलं होतं. शिवाय इस्पितळाच्या फाटकाबाहेर शहाळ्यांच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. वाईट असतं तर इथे उभं राहू दिलं असतं का कुणी? फिरकीच्या तांब्यात ओतून, टॉवेलात गुंडाळून त्यांनी ते आत नेलं आणि सिस्टरची पाठ वळली की चमच्या-चमच्यानं पाजलं. "हळू पी गो बाय." मनवा डोळे मिटून प्यायची. दोन दिवसांत दोन शहाळी संपली आणि बाईंना वाटलं, पोरीच्या तोंडावर तेज आलं. ती सूज होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर कागदाकडे आणि काट्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "रुपाली, एवढंसं पाणी आत गेलंय आणि वजन दोन दिवसांत पाऊण किलोनं वर? काटा बिघडलाय की तू लिहायला चुकलीस?"

"नाही मॅडम, मी सगळं लिहिलंय," रुपाली म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला.

"दुसरा काटा मागव. दुपारी परत वजन घेऊ, रक्ताचा रिपोर्टही येईल. मग मशीनचं बघू."

हीच ती वेळ होती. शेवंतीबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, आणि एक वाक्य बोलायचं होतं. पण सुनेला कळेल, लेक दीपक तोंड बघणार नाही, या भीतीनं त्यांची दातखीळ बसली. परमेश्वरा, काटाच बिघडलेला असू दे, असं त्या मनात म्हणत राहिल्या.

दुसरा काटा यायच्या आतच मनवाला धाप लागली. ओठांवर गुलाबी फेस आला. डबा घेऊन आलेली दर्शना दारातच थबकली, आणि शेवंतीबाई तिच्यादेखत ओरडल्या, "काटो बरोबर आसा! मियां दिलंय तिका. शहाळ्याचा पाणी. दोन दिस!"

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "शहाळं? मूत्रपिंडं बंद असताना त्यातल्या क्षारानं हृदय थांबतं," एवढंच रुपालीला म्हणत त्या धावल्या. नळी घातली, मशीन लावलं. पण फुफ्फुसं भरली होती आणि हृदय दोनदा थांबून सुरू झालं होतं. सकाळीच कळतं तर पोर वाचली असती का, हे शेवंतीबाईंनी विचारलं नाही आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही.

दोन दिवस दर्शना सासूशी एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावलं. दीपकनं देवघरातली गंगेची कुपी आणली होती, पण त्याच्यानं ती उघडवेना. दर्शनानं ती उघडली, तुळशीचं पान बुडवलं आणि सासूपुढे धरलं.

"तुम्हीच घाला, आई. तुमच्याच हातचं पीत होती ना ती."

ही क्षमा होती की शिक्षा, ते शेवंतीबाईंना कळलं नाही. पान हातात घेऊन त्या वाकल्या. मनवाचे सुजलेले ओठ नळीभोवती किंचित उघडे होते. बाई तिथेच थांबल्या आणि त्यांनी मान वळवून डॉक्टरांकडे पाहिलं.

"येवढा चालात मां?"

"घाला, आजी," डॉक्टर मृणालिनी म्हणाल्या. "आता मोजायचं नाहीये."

शेवंतीबाईंनी एकच थेंब घातला.