ताण्याची खळ

ते १९७३ साल, दुष्काळाचं. नागपूरच्या तांडापेठेत कितीतरी माग सुताविना मुके पडले होते. अशात माघ महिन्यात नत्थूजी विणकराच्या हाती लुगड्यांचा एक ताणा, म्हणजे उभ्या सुताचा पट्टा, लागला. तो बिघडला असता तर पुढचं सूत कधी मिळालं असतं, कोण जाणे.

मागावर चढवण्याआधी ताणा गल्लीभर ताणायचा, तांदळाची दाट खळ पाजून कुंच्याने घासायचा आणि उन्हात वाळवायचा. घरात तांदूळ डब्याच्या तळाशीच उरले होते. "सगळे घे," नत्थूजी म्हणाला. पण कुसुमावतीने, त्याच्या बायकोने, काही मुठी फडक्यात बांधून उतरंडीमागे लपवल्या. तापातून उठलेल्या प्रेमिलाच्या पोटात मऊ भाताशिवाय काही ठरत नव्हतं. आज लेकीला काय, उद्या काय, या घोराने कुसुमावतीचा डोळा लागत नव्हता.

सकाळी ताण्यावर खळीचे दोन हात फिरवताच शेजारचे नानाजी कुंचा धरून थांबले. "नत्थू, हे खळ आहे का ताक आहे गा?"

नत्थूजीने धागा चिमटीत धरला. त्याची लव बसली नव्हती. "असा ताणा मागावर टिकत नाही." त्याने वर पाहिलं. उमरेडच्या बाजूने ढग चढत होते. "ओला गुंडाळला तर चिकटते, भिजला तर सगळं वाया. काहून झालं असं वं?"

कुसुमावती आत शिरली. उतरंडीमागे हात घातला आणि तशीच थबकली.

"माय, भात," प्रेमिला गोधडीतून म्हणाली.

दारात सासू उभी होती, रुखमाबाई. तिने सगळं पाहिलं.

"पोरीले काय देऊ, आत्याबाई?"

"मले काय मालूम? देवाच्या वाट्याची काळजी तू काहून करून राहिली? तुह्या वाट्याचं काम कर."

"अन् त्यानं नाही दिलं तर?"

"तर भांड त्याच्याशी. पण पहिले चूल पेटव."

कुसुमावतीने गाठ सोडली आणि तांदूळ खळीच्या आधणात ओतले. "आता तूच पाहा, देवा," ती म्हणाली. त्यात भक्तीपेक्षा रागच जास्त होता.

दाट खळ बसली, पण ऊन गेलं. एक थेंब कुसुमावतीच्या मनगटावर पडला, तशी ती ताणा गुंडाळायला धावली.

"हात नको लावू!" नत्थूजी ओरडला.

तिने दोन्ही हात पदरात गुंडाळले. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती नुसती उभी राहिली.

दुपार कलताना वारा फिरला. तिरपं ऊन पडलं. एक कड चिकटली ती चिकटलीच, बाकी ताणा वाळला.

दिवेलागणीला प्रेमिला रडू लागली आणि नानाजींची बायको बायजाबाई भाताचं पातेलं, भरला गंज, घेऊन दारात आली. "घे वं हा भात! सोयरे येतो म्हणून आलेच नाहीत मेले. आमच्या यांना भातानं कफ होते. मी काय एकटी गंजभर खाऊ?"

कुसुमावतीने गंज घेतला. ती लेकीला भरवायला बसली. रुखमाबाई एवढंच म्हणाली, "मीठ घाल जरा."

रुखमाबाई त्याच वर्षी दिवाळीआधी गेली. माग बंद पडल्यावर नत्थूजीने सीताबर्डीच्या एका कापडदुकानात नोकरी केली आणि तिथूनच म्हातारा होऊन घरी बसला. नानाजी आणि बायजाबाई लेकाकडे उमरेडला गेले. प्रेमिला मौद्याला शाळेत शिकवू लागली. कुसुमावती आता तिच्याकडेच असते. तिची काळजी पुरती कधी गेली नाही. आली की ती देवापुढे बसते, त्याला काय ते स्पष्ट सांगते आणि उठून भाजी चिरायला घेते.