संवादकौशल्य : दहापैकी चार

मी मुलाखतीचा गुणतक्ता बोलतोय. खरं तर बोलायचं त्राण आता फारसं उरलेलं नाही. पण माझा हवाला देऊन इतरांनी इतकं बोलून घेतलंय, की एकदा आपणही तोंड उघडावं म्हटलं.

माझा जन्म रुग्णालयाच्या कार्यालयातल्या प्रिंटरमध्ये झाला, तोही दोनदा अडकून. बालरोगतज्ज्ञ व्हायला निघालेल्या एकोणतीस डॉक्टरांच्या निवडीचा तो दिवस. माझ्या अंगावर नावं नव्हती, नुसते नंबर. प्रत्येकाला सात मिनिटं. घंटी वाजली की विभागप्रमुख सर माझ्यावर आकडा टाकायचे. दुपारनंतर तर ते जांभई आवरत टाकत होते.

प्रश्न सगळ्यांना एकच. "मूल वाचणार नाही, हे आईवडिलांना कसं सांगाल?"

अकरा नंबर घडाघडा बोलला. सरांनी खूश होऊन त्याला नऊ दिले. एकोणीस नंबरची डॉक्टर मात्र बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आधी त्यांचं ऐकेन, सर. त्यांना काय कळलंय ते बघेन. पुढचं... आत्ताच कसं सांगू?" तेवढ्यात घंटी वाजली. सरांनी चार दिले आणि शेऱ्यात लिहिलं, 'गप्प बसते.'

ती कशीबशी शेवटच्या जागेवर निवडली गेली. मला फाइलीत कोंबलं. तीन वर्षं मी वाळवीच्या धाकात काढली.

मग नवजात बालकांच्या कक्षात वरिष्ठ डॉक्टरची एक जागा निघाली. अर्ज दोनच, अकरा नंबरचा आणि एकोणीस नंबरचा. सरांनी मला बाहेर काढलं आणि सगळ्यांचे प्रशिक्षणाचे अहवाल शेजारी ठेवून ताडून बघायला बसले. लेखी परीक्षेत वर असलेले पुढच्या लेखी परीक्षांतही वरच होते, एवढं जुळलं. पण माझ्या मुलाखतीच्या रकान्याचा आणि वॉर्डातल्या कामाचा काही मेळच बसेना. वॉर्डच्या सिस्टरांनी अकरा नंबरबद्दल लिहिलं होतं, 'बोलतो छान. बोलून झालं की निघून जातो.' आणि एकोणीसबद्दल, 'गप्प बसते, म्हणून मुलांच्या आया मोकळेपणी सांगतात. आजार लवकर सापडतो.'

सर चष्मा काढून डोळे चोळत राहिले. मला त्यांची कीव आली. माणूस वाईट नव्हता हो, थकलेला होता.

समितीच्या बैठकीत अधीक्षकांनी मला टेबलावर पसरलं. "संवादकौशल्य नऊ आणि चार. यात चर्चा कसली करायची?"

"ते चार तिचे नाहीत," सर म्हणाले. "माझे आहेत. साडेतीन वाजले होते, मी कंटाळलो होतो. तिचं तीन वर्षांचं काम बघा ना."

"पण खाली सही तुमचीच आहे ना?"

जागा अकरा नंबरला मिळाली.

आता मी पुन्हा फाइलीत आहे. घड्यांवर विरत चाललोय, आणि खोटं कशाला सांगू, लवकर फाटलो तर सुटेन असं वाटतं. तोवर एवढंच मागणं आहे, की मी सात मिनिटांचा साक्षीदार, तीन वर्षांचं मला विचारू नका. बैठकीच्या दिवशी समितीतली पाच जाणती माणसं तासभर माझ्यावर वाकून ती डॉक्टर कशी आहे ते शोधत होती. ती दाराबाहेरच्या बाकावर बसलेली होती. तिला कुणी आत बोलावलंच नाही.