चौदा लाल खुणा

या, असे जवळ सरकून बसा. बुवा अजून हातपाय धुताहेत, कीर्तनाला थोडा अवकाश आहे. तेवढ्यात आमच्या उत्तमराव गुरुजींची गोष्ट सांगतो.

साल चौऱ्याहत्तर. मेडशीच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो, गुरुजी इंग्रजी. अर्ज असो की तार, गावातला माणूस इंग्रजी कागद घेऊन गुरुजींच्या ओट्यावर यायचा आणि लाल शाईत न्हालेला कागद घेऊन परत जायचा. चूक दिसली की त्यांचा हात थांबत नसे. कीर्तनातसुद्धा बुवांचा शब्द घसरला की मांडीवरचं एक बोट मिटायचं. आरतीच्या वेळी मला हळूच सांगत, "आज सात."

"अन् कथा कशी वाटली?" मी विचारायचो. ते पुन्हा बोटं मोजू लागत.

तर एका दुपारी मी गुरुजींच्या ओट्यावर बसलो असताना देवमन आला, सोबत त्याची पोर गंगू. ही माणसं मूळची रिठदची, मजुरीसाठी नुकतीच मेडशीला आलेली.

"जयभीम गुरुजी. पोरगी मॅट्रिक झाली. नर्सचा फारम हाय. तिनं तिच्या हातानं लिवला, तुमी फक्त नजर घाला."

नर्स का व्हायचं आहे, हे दहा ओळींत इंग्रजीत लिहायचं होतं. गुरुजींनी चष्मा चढवला आणि पेन चालू झालं. 'इज'च्या जागी 'वॉज', 'टीच' खोडून 'लर्न', कुठे 'द' घातला, कुठे काढला. चौदा खुणा. खाली झोकदार सही.

"आता बरोबर," गुरुजी म्हणाले.

गंगू कागदाकडे बघतच राहिली. "गुरुजी, हे कच्चं नोहे. हाच फारम हाय."

"दुसरा?"

"एकच भेटला. उद्या शेवटची तारीख."

गुरुजींनी ब्लेड आणून एक शब्द खरवडला. तिथे भोक पडलं.

"आता कसं करावं, गुरुजी?" देवमननं विचारलं.

"मले सुचून नाही राह्यलं," गुरुजी म्हणाले. ज्यांना अख्खा गाव विचारायचा, ते माझ्याकडे बघत होते. "तुमी चला माह्यासंग अकोल्याले."

सकाळच्या एसटीनं आम्ही चौघं निघालो. गुरुजी वाटेत माफीचं एक इंग्रजी वाक्य पुटपुटत होते आणि आपलंच वाक्य दुरुस्त करत होते. पातूर येईपर्यंत त्यांच्याजवळ वाक्यच उरलं नाही.

अकोल्याच्या नर्सिंग शाळेतल्या मेट्रनबाई पिकल्या केसांच्या, करड्या नजरेच्या. त्यांनी फारम उजेडाकडे धरला. भोकातून त्यांचा डोळा दिसला.

"फारम मुलीनं भरलाय की तुम्ही?"

"चुका माझ्या... म्हणजे चुका तिच्या, लाल माझं. चौदा होत्या, मॅडम. आता एक नाही."

"चुका मला दिसताहेत. मुलीनं लिहिलंय काय, ते सांगा."

गुरुजींनी तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तर वाचलाच नव्हता.

"तुम्ही वाचलं नाही?" बाईंनी गुरुजींना विचारलं.

"वाचलं ना. दोनदा."

"मग?"

वर्गात धडा न आलेलं पोर उभं राहतं, तसे गुरुजी उभे होते. बाईंनी फारम त्यांच्या हातात परत दिला, टेबलातून दुसरा कोरा काढला आणि गंगूला म्हणाल्या, "इथंच बसून लिही. बाकीच्यांनी बाहेर थांबा."

बाहेर बाकड्यावर गुरुजींनी तो लाल कागद पुन्हा उघडला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत पहिलीतल्या पोरासारखं वाचू लागले.

"देवमन, भागिरथा कोन?"

"तिची माय."

कागदात होतं ते असं: बाळंतपणात अडली म्हणून भागिरथेला बैलगाडीत घालून भर दुपारी दवाखान्याकडे निघाले होते. बारा वर्षांची गंगू मायचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. आपल्या हातांनी काय करायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. ते मला शिकायचं आहे, असं शेवटच्या ओळीत होतं. त्या 'शिकायचं'वरच गुरुजींची सगळ्यांत जाड रेघ होती.

देवमन म्हणाला, "असं लिवलं का तिनं? घरात तं कवाच बोलली नाही."

गंगू बाहेर आली. "गुरुजी, याच्यात बी चुका असतीन. बाई म्हने, राहू दे."

"राहू दे," गुरुजी म्हणाले.

अकराव्या दिवशी गंगूला नर्सच्या शिक्षणाचं बोलावणं आलं. त्या लाल शाईनं पोरीचं बिघडलं होतं की साधलं, हे मला आजही उमगत नाही. फारम चांगला असता तर तो कारकुनाकडे जमा झाला असता, गठ्ठ्यात पडला असता, आणि बाईंच्या समोर ती बसलीच नसती. गुरुजींनाही ते उमगलं नाही. कधी म्हणत, मी तिचं नुकसान केलं. कधी म्हणत, बरंच झालं म्हणायचं.

पुढच्या एकादशीला कीर्तनात बुवा एक अख्खी ओळ गाळून गेले. मी गुरुजींच्या मांडीकडे पाहिलं. पाचही बोटं उघडी होती.

आरतीच्या वेळी मी विचारलं, "किती?"

"काय किती?" ते म्हणाले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. "त्या कथेतल्या बाईचं लई वाईट झालं हो."

ऐका, टाळ वाजले. बुवा उभे राहिले. आता देवापुढे हात जोडाल, तेव्हा रिठदच्या भागिरथेची आठवण ठेवा. बैलगाडीतून दवाखान्याकडे निघाली होती, पोचली नाही.