वेदगंगेच्या मळीत उतरलेलं मशीन

माझ्याबद्दल गावात जे बोललं जातं, त्यातलं निम्मं खोटं आहे. मला चालवायला मंत्र लागतो, पायाळू माणूस लागतो, अमावस्या लागते, असं सांगणारे लोक मी स्वतः ऐकलेत. मला लागते फक्त भरलेली बॅटरी. तेव्हा इतरांचं सांगणं पुरे झालं, माझं मीच सांगतो. मी मेटल डिटेक्टर. जमिनीत, चिखलात, अगदी पाण्यात बुडूनसुद्धा धातू हुडकणारा.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवल्याचं तेवढं आठवतं. बाहेर काढल्यावर कुणीतरी मला पुसलं, आतून कोरडा आहे याची खात्री केली आणि खोक्यात घातलं. ते खोकं उघडलं ते थेट गारगोटी या तालुक्याच्या गावाच्या खाली, वेदगंगा नदीच्या काठच्या एका खेड्यात.

मला मागवलं विश्वजितनं. घरात तो, त्याची आई धोंडुबाई आणि थोरल्या भावाची बायको क्रांती. भाऊ दुधाचा टँकर घेऊन मुंबईच्या रस्त्याला असायचा, म्हणून गोठा क्रांतीच बघायची.

विश्वजितनं कट्ट्यावर बसून मला जुळवलं. दांडीचे तुकडे एकात एक बसवले, टोकाला ताटलीएवढी चकती लावली आणि तिची वायर दांडीला कशीबशी गुंडाळली. वायर ढिली राहिली की मी उगाच बोलतो. त्यात वर पत्र्याचं छप्पर, त्याच्या हातात स्टीलचं कडं, कमरेला बक्कल. मी ओरडतच राहिलो.

"लई पावरबाज मशीन हाय," तो खूश होऊन म्हणाला.

क्रांती शेण काढता काढता थांबली. "भावजी, ती वायर लोंबकळत्या की."

"वयनी, तुमी हात लावू नगा. नाजूक काम हाय."

शेजारी बाळासो उभा होता. पन्नाशीचा गडी, रान वाट्यानं दिलेलं, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कट्ट्यावर बसलेला. गुप्तधन हा त्याचा एकच विषय. मला मागवायची कल्पनाही त्याचीच.

"खिळं-मोळं कशाला पायजेत आपल्याला?" तो म्हणाला. "लोखंड बंद कर त्यातलं."

तशी सोय माझ्यात आहे. एक बटण दाबलं की खाली लोखंड असलं तरी मी गप्प बसतो. विश्वजितनं ते दाबलं. मला मुका करून टाकलं, आणि तेही कशासाठी, तर ज्याचा पत्ता कुणालाच नव्हता त्या सोन्यासाठी.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगराच्या उतारावर गेलो. तिथली माती तांबडी. अशा मातीतच धातूचा अंश असतो, म्हणून आधी मला तिची ओळख करून द्यावी लागते. चकती गुडघ्याएवढी उचलायची, हळूहळू खाली आणायची, पुन्हा उचलायची, माझी गुणगुण एकसारखी होईपर्यंत. विश्वजितला तेवढा दम नव्हता. तो थेट फिरवायला लागला, आणि मी पावलापावलाला किंचाळलो.

त्यांनी खड्डे काढले. काही निघालं नाही. बाळासोनं घाम पुसला आणि सांगितलं, "धन सरकतंय. आपण खणलं की फुडं जातंय."

हात रिकामे राहिले की चूक यंत्राची किंवा सरकत्या धनाची असते, स्वतःची कधीच नसते, ही माणसाची खोड मला तिथं कळली. डोंगरावरून मला आणलं ते थेट माळ्यावर टाकलं, कांद्याच्या पोत्यांमागं. धुतलंही नाही. माझ्या सांध्यांत ती तांबडी माती वाळून दगड झाली.

त्या पावसाळ्यात वेदगंगा मळीत शिरली. मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. गावातल्या जनावरांची सगळी वैरण तिथलीच. वरच्या अंगाची कोंबड्यांची शेडं वाहून आली. पत्रे लोकांनी उचलले, पण तारा, जाळ्या आणि खिळे गाळाखाली गेले. पुढं त्या गाळातून गवत जोरात वर आलं. हिरवंगार.

क्रांतीची राधी नावाची गाभण मुऱ्हा म्हैस होती. ती चारा सोडून उभी राहायला लागली. मान ताठ, कोपरं बाहेर काढलेली, बसताना कण्हणारी. गारगोटीहून जनावरांचे डॉक्टर आले, औषध दिलं, पण चार दिवसांनी राधी गेली. डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं. बोटभर तार, जठर भोसकून काळजाकडं सरकलेली. वैरणीतून कुट्टीच्या मशीनमध्ये गेली असणार आणि तिथं तिचे तुकडे झाले असणार, असं ते म्हणाले.

मी माळ्यावरून सगळं ऐकत होतो. डॉक्टर गेले. मग शिडी वाजली आणि क्रांती वर आली. तिनं पोती बाजूला सारली आणि मला ओढून काढलं.

"इचारून घे त्याला," खालून धोंडुबाई म्हणाली. "त्यानं हौसनं आणलंय ते."

"आत्ती, इचारत बसले तर दुसरी बी जाईल."

क्रांतीनं मला अंगणात ठेवून ओल्या फडक्यानं पुसलं. माहितीपुस्तक शोधलं आणि त्यातली चित्रं बघत, मोबाइलवर एकेका शब्दाचा अर्थ लावत वाचलं. वायर दांडीला सारखे वेढे देऊन बसवली, घट्टही नाही आणि ढिलीही नाही. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण काढून त्यातली माती काडीनं कोरली आणि ते अंगठ्यानं दाबून बसवलं. ते झाकण नीट बसलं नाही तर माझं पाण्यातलं सगळं शौर्य तिथंच संपतं.

मग तिनं लोखंडाचं बटण शोधलं आणि सोडवलं.

इतके दिवस गप्प बसवलेल्याला तोंड मिळाल्यावर काय वाटतं, ते सांगता येत नाही. तिनं मोकळ्या मातीत एक खिळा, तारेचा तुकडा आणि एक चमचा वेगवेगळ्या खोलीवर पुरला. माझा कुठला आवाज कशाचा, ते ती डोळे मिटून ऐकत राहिली. संध्याकाळपर्यंत आमची बोलीभाषा ठरली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही मळीत. चकती जमिनीपासून दोन बोटं वर, एका पातळीत, डावीकडून उजवीकडं. टोकाला गेल्यावर लोक ती झोका दिल्यासारखी वर उचलतात आणि तिथलंच राहून जातं. क्रांती उचलायची नाही. नवा फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवायची. डबकी आली की मला चकतीसकट पाण्यात घालायची. खाली काहीच दिसायचं नाही, पण मी बोलायचो आणि ती तिथं खुरपं घालायची. तार निघायची. जाळीचे तुकडे, पत्र्याचे खिळे, मोडका विळा.

शेजारची शालूबाई आधी बांधावरून बघत होती. तिसऱ्या दिवशी ती घमेलं घेऊन उतरली. तिच्या मागून आणखी बाया आल्या.

आणि मग गावात बातमी उठली की क्रांतीला सोनं सापडलं. बाया घमेली झाकून का नेतात, म्हणे. घमेल्यावर गवत टाकायच्या ते तारांनी हात फाटू नयेत म्हणून, पण ते कोण ऐकणार? धोंडुबाईला देवळात बायका आडून आडून विचारायला लागल्या. विश्वजित घरात बोलेनासा झाला.

एका सकाळी तो मळीत आला, बाळासोला घेऊन. आम्ही गुडघाभर चिखलात होतो.

"वयनी, मशीन द्या," विश्वजित म्हणाला. "माझं हाय ते."

"तुमचंच हाय. कशाला पायजे?"

उत्तर बाळासोनं दिलं. "घाटावरच्या वीरगळाखाली बघायचंय. तुमी इकडं काय काय काढलं, ते गावाला ठावं हाय."

नदीच्या जुन्या पायऱ्यांशी दोन वीरगळ उभे आहेत. लढून मेलेल्या कुणाचे तरी दगड, नावं कुणालाच माहीत नाहीत. बाया जाता येता त्यांना हळद लावतात. त्याखाली खणायचं म्हणजे ते आडवे करणं आलं.

क्रांतीनं मला सोडलं नाही. चिखलानं भरलेल्या हातानं माझी मूठ आणखी घट्ट धरली.

"वीरगळाला हात लागणार न्हाई," ती म्हणाली. "लावायचा झाला तर आधी मला बाजूला करा, मग शालूबाईला, मग ह्या सगळ्यांस्नी. आनि मला सोनं घावलंय म्हणताय न्हवं? मग जिथं आमी काढतोय तिथंच तुमी काढा. या. उतरा खाली."

बाळासो विश्वजितकडं बघायला लागला.

"या की मामा. जे निघंल ते तुमचं. मी वाटा मागणार न्हाई."

एवढ्या बायांसमोर त्याला मागं फिरता येईना. त्यानं धोतराचा काचा मारला आणि उतरला. क्रांतीनं हेडफोन त्याच्या कानांवर चढवला, माझी मूठ त्याच्या हातात दिली आणि मागून त्याचं मनगट धरून फेरा कसा घ्यायचा ते दाखवलं. त्यानं जागा निवडली ती घाटाच्या खालची, जनावरं पाण्यावर येतात तिथली. त्याला वाटलं असावं, वीरगळ जवळ आहेत, म्हणजे इथंच असणार.

मी काही लपवलं नाही. असेल तिथं बोललो, नसेल तिथं गप्प राहिलो. पहिला खिळा त्यानं धुवून, उन्हात धरून बघितला. दुसरा नुसता बघितला. पुढचे न बघता काठावर फेकायला लागला. ऊन चढलं. टोपी चिखलात पडली, ती शालूबाईनं उचलून झुडपावर ठेवली. कुणी हसलं नाही. तसं क्रांतीनं सगळ्यांना डोळ्यांनीच बजावलं होतं.

मग एका जागी मी असा ओरडलो की त्यानं हेडफोन काढून टाकला. खुरप्यानं काही हलेना. तो हातानं उकरायला लागला. विश्वजित काठावर इतका वेळ हाताची घडी घालून उभा होता. तो चप्पल काढून आत आला आणि दोघांनी मिळून ओढलं. पाण्यातून तारेच्या जाळीचं भेंडोळं वर आलं, तोंडं वर करून उभ्या असलेल्या काट्यांसारख्या तारांचं. बाळासोचा तळवा फाटला. रक्त गाळात मिसळलं.

तो तसाच काठावर बसला. त्यानं पायानं भेंडोळं पाण्यापासून आणखी लांब सारलं.

"हितं माझी बी जनावरं येत्यात," तो म्हणाला.

"व्हय," क्रांती म्हणाली, आणि पदराची पट्टी फाडून त्याच्या हाताला बांधली.

दुसऱ्या दिवशी बाळासो आला नाही, नंतरही नाही. तो सुधारला असं मी म्हणणार नाही, अजून कट्ट्यांवर बसतोच. पण सोन्याची बातमी त्या दुपारी मेली. विश्वजित मात्र आला. मला मागायला नाही, फावडं घेऊन. वीरगळ जागेवर आहेत.

या गोष्टीला आता काही पावसाळे झाले. माझ्या चकतीचं आवरण घासून पांढरं पडलंय. हेडफोनचा एक कान गेलाय. दांडीला तडा गेला, तिथं विश्वजितनं सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलीय. पुराचं पाणी ओसरलं की आसपासची गावंही मला घेऊन जातात, आणि क्रांती सोबत जाते.

परवा आजऱ्याकडचा एक माणूस आला होता. झुळझुळीत शर्ट, चारचाकी. त्याला कुठल्याशा पडक्या गढीत खणायचं होतं. माझ्याकडं बघून म्हणाला, "एवढं भारी मशीन, आनि तुमी चिखलात घालून वाया घालवलंय."

क्रांती धार काढत होती. चरवी बाजूला ठेवून उठली. "पावणं, चहा घ्या आनि जावा. मशीन मिळणार न्हाई."

तो गेला. मी वाया गेलो असं ज्या कुणाला वाटतं, त्यांनी खुशाल म्हणावं. मला देवघरात ठेवू नका, मला मंत्र घालू नका आणि माझ्या नावानं कुणाचा दगड उकरू नका. गढीत न्याल तर मी तिथंही खरंच बोलेन आणि तुम्हाला ते आवडणार नाही. माझी जागा मी ओळखतो. या वर्षीचं पाणी काल उतरलंय, गोठ्यात चार म्हशी रवंथ करतायत, आणि मळीच्या तोंडाशी घमेली घेऊन बाया येऊन थांबल्यात. जास्त बोलायला वेळ नाही. निघतो.